कुंभोजे बंधूंचं लेटरहेड

“साहेब, उतरा आता. त्या माळ्यानं माझ्या बापाचंबी वजन कधी घेतलं न्हाई,” तोडकर शिडी धरून खालून ओरडत होता.

मी उतरतो कसला! माझ्या हाताला एक पत्र्याची ट्रंक लागली होती. तिची कडी गंजून जाम बसली होती आणि मी खिशातल्या किल्लीने ती उचकटायच्या खटपटीत होतो. नाकात धूळ, डोळ्यांत घाम, आणि खाली तोडकरची बायको विचारत होती, “ह्ये सायेब औषधवालंच हायत न्हवं?”

होतो मी औषधवालाच. १९८६ साली मी मिरजेत राहून एका औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून तासगाव, विटा, जत अशा गावांत फिरत असे. डॉक्टर भेटायचे सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी एक ते चार आमच्यासारख्याला कुणी दारात उभं करत नाही. बाकीचे प्रतिनिधी तेव्हा लॉजवर झोपा काढत किंवा पत्ते कुटत. मला एका जागी बसणं जमत नाही, लहानपणापासून नाही. मी जुनी जनरल स्टोअर्स हुडकत हिंडायचो. आधी एक साबण घ्यायचा, दुकानदाराशी पाऊसपाण्याचं बोलायचं आणि मग हळूच विचारायचं, “जुनं काही छापील पडलंय का हो? लेटरहेड, पाकिटं, लेबलं?” अशा रीतीने माझ्याकडे चारशेवर लेटरहेडं जमली होती आणि घरात तीन वर्षं पुरतील इतके साबण.

तोडकर माझ्याच वयाचा, पस्तिशीतला. त्याच्या बापाने बावन्न साली हे दुकान मालासकट, माळ्यावरच्या अडगळीसकट विकत घेतलं होतं. तरी गावातले लोक अजून ‘कुंभोज्यांच्या दुकानात’ असंच म्हणायचे आणि तोडकर त्यावरून चिडायचा.

ट्रंक उघडली. वर उंदरांनी कुरतडलेली रद्दी, आणि तिच्याखाली मेणकापडात गुंडाळलेला एक गठ्ठा. मी तो तिथेच, माळ्यावर पालथं पडून सोडला.

‘कुंभोजे बंधू, जनरल मर्चंट्स, तासगाव.’ लाल आणि हिरवी अशी दोन रंगांची छपाई, कोपऱ्यात बारीक ‘१९४६’. मधोमध एक कंदील, आणि कंदिलाच्या दोन्ही अंगांना गोल चौकटीत दोघा भावांचे फोटो. फोटो छापायला ब्लॉक करून घ्यावे लागत, त्याला खर्च यायचा. तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराने १९४६ साली हा थाट करावा म्हणजे कमाल होती. दोघांच्या डोक्याला सारखेच रुमाल, दोघांना सारख्याच बारीक मिशा, अंगात सारखेच बंद गळ्याचे कोट. सारखे कसले, एकच कोट! भिंगातून पाहिलं तेव्हा दोघांच्याही कोटाचं वरून दुसरं बटण गायब होतं. फोटोवाल्याच्या दुकानातला कोट दोघांनी आळीपाळीने घातला होता. हा शोध लागला तेव्हा मला कोण आनंद झाला!

गठ्ठ्यात एकतीस कागद होते. तिसांवर फोटोंखाली दोघांची नावं होती. एकतिसाव्यावर नव्हती. छापताना नावांची ओळ सुटून गेली असणार, आणि लक्षात येईपर्यंत तेवढा एक कागद बाहेर पडला असणार. टपालाची तिकिटं जमवणाऱ्याला विचारा, चुकलेल्या तिकिटासाठी माणूस काय वाटेल ते करतो. माझ्या हातात तसा नमुना पहिल्यांदाच आला होता.

आता खरं सांगायचं तर संग्राहकाला एक आजार असतो. आपल्याकडची वस्तू चांगली आहे एवढ्याने त्याचं भागत नाही, ती दुसऱ्या कुणाकडे नाही हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. ते तीस कागद तोडकरकडे राहिले असते तर उद्या पुण्याहून कुणी आला असता, चार घेऊन गेला असता, आणि कुंभोजे बंधूंचं लेटरहेड काय, आमच्याकडेही आहे, असं म्हणाला असता.

“ह्यांचं काय करू?” तोडकरने उरलेला गठ्ठा हातात धरून विचारलं.

“बंबात घाला.”

“सगळं?”

“सगळं. उंदरांनी शिवलेलं आहे, घरात रोगराई नको,” मी औषधवाल्याच्या अधिकाराने सांगितलं. परसात अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब पेटलेलाच होता. तोडकरच्या बायकोने दोन-दोन कागद आत सारले. शेवटचा कागद जळेपर्यंत मी तिथे उभा राहिलो. एक संशय म्हणून मी बंबाखालची राखही काडीने ढवळून पाहिली.

पुढचा महिनाभर मी हवेत होतो. दिवाळीनंतर पुण्यात जुन्या छपाईचं प्रदर्शन भरणार होतं. मी त्यांना पत्र टाकलं आणि उलट टपाली उत्तर आलं: तुमचा कागद दारातल्या काचेच्या पेटीत ठेवू, खाली तुमचं नाव छापू. ते पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं.

पुढच्या महिन्यात तासगावला गेलो तेव्हा तोडकरच्या दुकानातल्या बाकड्यावर एक बाई बसल्या होत्या. पन्नाशी उलटलेली, काटक, पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. पायाशी पिशवी.

“हे बघा, आलेच साहेब,” तोडकर म्हणाला. “ह्या रत्नाक्का. सावळजला भाच्याकडं असत्यात. गेल्या महिन्यापास्नं चौथी खेप हाय त्यांची. कुंभोजे बंधूंतल्या धाकट्या भावाची बायको.”

मी नमस्कार केला.

“त्येंचा फोटो हुता म्हणं त्या कागदावर,” रत्नाक्का म्हणाल्या. आवाज हळू होता पण शब्द नेमके होते. “आमच्यात त्येंचा एकबी फोटो न्हाई. थोरल्या दिरांनी दुकान इकलं, बेळगावाकडं गेलं, तिकडंच वारलं. त्येंच्यामागं कुणी न्हाई. मला त्येच्या आधीच म्हायेरी धाडलेलं. दादा, एक कागद द्या मला.”

“अहो आक्का, ते सगळे कागद जळाले,” मी म्हणालो. हे अर्धं खरं होतं, म्हणून जीभ अडखळली नाही.

“सगळे कुठं?” तोडकर मधेच बोलला. त्या माणसाला गप्प बसणं कधी कळलंच नाही. “एक तुम्ही न्हेलाय की. प्लास्टिकात घालून! तेवढा तर निवडून घेतला तुम्ही.”

मी तोंडघशी पडलो. रत्नाक्का माझ्याकडे पाहत राहिल्या, रागाने नाही, वाट पाहत.

“हो, तो एक आहे,” मी म्हणालो. “पण तो आता पुण्याला जायचाय. असं करतो, त्याची झेरॉक्स काढून आणतो तुमच्यासाठी. अगदी तस्साच निघतो फोटो.”

“तस्साच?”

“डिट्टो.”

त्यांनी पिशवीतून शेंगांची पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली आणि त्या एस.टी.च्या वेळेला म्हणून उठल्या. त्या शेंगा मी मिरजेपर्यंत बॅगेत ठेवल्या आणि नंतर शेजाऱ्यांना देऊन टाकल्या. मला खाववल्या नाहीत.

झेरॉक्स काढली. तेव्हाची यंत्रं ती! लाल रंगाचं काळं झालं, हिरव्याचं काळं झालं, आणि गोल चौकटीत डांबराचे दोन ठिपके उमटले. दुसऱ्या दुकानात काढून पाहिली, तिथेही तेच. फोटोग्राफरकडे नेऊन कागदाचा फोटो काढून घेता आला असता. पण त्याला कागद चार दिवस ठेवून घ्यायचा होता, दिव्यांखाली ताणून बसवायचा होता, आणि माझा जीव होईना. मी त्यातल्या त्यात बरी झेरॉक्स पाकिटात घालून तोडकरच्या पत्त्यावर टाकून दिली. म्हटलं, सुटलो.

पण सुटका कुठली व्हायला! डॉक्टरांपुढे खोकल्याच्या औषधाची महती सांगताना मी मधेच थांबायला लागलो. जेवताना उठून जाऊन तो कागद कपाटात आहे ना ते बघून यायचो. पुण्याच्या प्रदर्शनाला आठ दिवस राहिले होते आणि मला आनंद म्हणून होत नव्हता. शेवटी तासगावच्या फेरीची वाट न पाहता मधल्याच एका बुधवारी मी गाडी पकडली.

तोडकरने मला पाहिलं आणि गल्ल्याखालून माझंच पाकीट काढून पुढे ठेवलं. “परत दिली आक्कांनी.”

“काय म्हणाल्या?”

“काय म्हणणार? उजेडात न्हेली, उलटी केली, सुलटी केली. म्हणल्या, ह्यात माणूस न्हाई. आणि गेल्या.” तो काउंटरवरचा तराजू उगीच पुसत राहिला. “साहेब, तुमच्यात माझ्यात आता ओळख हाय म्हणून बोलतो. ते तीस कागद तुमच्या सांगण्यावरनं जाळले आम्ही. बायको माझ्याशी चार दिवस बोलली न्हाई.”

मूळ कागद माझ्या बॅगेत होता. का घेऊन आलो होतो ते मला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. सावळजची एस.टी. समोरच उभी होती. मी तोडकरला काही न सांगता तिच्यात चढलो. तासाभराच्या त्या रस्त्यात मी दोनदा उतरायचं ठरवलं.

रत्नाक्का भाच्याच्या घराच्या सोप्यात वाकळ शिवत बसल्या होत्या. जुन्या लुगड्यांचे तुकडे भोवती पसरलेले. मला बघून त्यांनी सुई वाकळेत टोचून ठेवली, पाण्याचा तांब्या आणून दिला आणि समोर बसल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं, सगळे रानात गेले होते.

मी बॅग उघडली, प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला आणि त्यांच्यापुढे धरला. “घ्या आक्का. हा तुमचा. झेरॉक्स नाही, खरा.”

एवढं बोललो आणि मला भडभडून आलं. इतके दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. स्वतःचाच अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

त्यांनी हात पदराला पुसले. कागद दोन्ही हातांनी घेतला, दाराच्या उजेडात नेला आणि बराच वेळ बघत राहिल्या. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. मला वाटलं, रडतील आता. मी खाली मान घातली.

“दादा,” त्या म्हणाल्या, “ह्यातले कुठले?”

“म्हणजे?”

“ह्यातले आमचे कुठले?”

“आक्का, तुम्हाला... तुमचे यजमान तुम्हाला ओळखता येत नाहीत?”

“कसे येतील?” त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. “तेरा वर्षांची हुते लग्नात. त्येच्यापुढं पाच म्हयने नांदले. सासू, चुलत सासू, थोरले दीर, घर भरलेलं. दिवसाउजेडी नवऱ्याकडं मान वर करून बघायची आमच्यात टाप नव्हती. आन दिरांचं तर तोंड बघायचंच नस्तं, ते आले की आम्ही भिताडाकडं तोंड करायचं. रातीला दिवा मालवलेला. मग त्येंना ताप आला न् चार दिवसांत गेले. पाच म्हयने मी त्येंचे पाय बघितले. पाय दाखवा मला, हज्जारात वळखीन. उजव्या आंगठ्याला नख नव्हतं त्येंच्या. आवाज वळखीन. तोंड न्हाई बघितलं.”

कागदावर दोघेही छातीपर्यंतच होते.

“आता कुणाची भीती न्हाई,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, मरायच्या आधी एकदा बघून घ्यावं, आपला माणूस कसा हुता. खाली नाव असंल न्हवं? मला वाचता येत न्हाई. तुम्ही वाचा.”

मी कागद घेतला. नावं असायला हवी होती तिथे कोरा कागद होता. त्या कोऱ्या जागेसाठीच तर मी तो निवडला होता.

तीस कागदांवर ती नावं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. एका फोटोखाली आदाप्पा, एका फोटोखाली नेमगोंडा. कुठलं नाव कुठल्या बाजूला? मी डोळे मिटले. अक्षरांचं वळण आठवलं, शाईचा लाल रंग आठवला, शेवटच्या अक्षराचा तुटका काना आठवला. पण डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण, ते काही केल्या आठवेना. ती नावं मी माणसांची म्हणून वाचलीच नव्हती. मी फक्त छपाई बघितली होती. ज्या कोटावरून मी एवढा नाचलो, तो कोटही दोघांच्या अंगावर एकच. दोघांत फार तर दोन वर्षांचं अंतर असेल. भिंगातून चार महिने बघितलं असतं तरी थोरला कोण आणि धाकटा कोण हे सांगता आलं नसतं.

आणि चाळीस वर्षांनंतर हे खात्रीने सांगू शकणारं जगात कुणी उरलं नव्हतं. उरले होते ते तीस कागद मी उभं राहून जाळले होते.

“यजमानांचं नाव काय, आक्का?” मी विचारलं. निदान थोडा वेळ तरी मिळावा.

त्या लाजल्या. बावन्नाव्या वर्षी, त्या रिकाम्या घरात, माझ्यासारख्या परक्या माणसापुढे लाजल्या. नाव घेतलं नाही. वाकळेतली सुई काढून पुन्हा टोचली आणि म्हणाल्या, “धाकटे.”

खरं सांगून टाकायला हवं होतं. आक्का, मला माहीत नाही, माझ्या हावरेपणापायी आता कुणालाच कधी कळणार नाही, असं म्हणायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण त्या इतक्या आशेने माझ्याकडे बघत होत्या की मला ते धाडस झालं नाही. मी भ्याड माणूस आहे.

“हे,” मी बोट ठेवलं. “डावीकडचे. इथे लिहिलंय.”

त्यांनी ताबडतोब डोक्यावरचा पदर पुढे ओढला. उजवीकडच्या फोटोवर आपला तळहात ठेवला, तिकडे न बघता.

“मग हे थोरले दीर. ह्यांचं तोंड मी कधी बघितलं न्हाई. आताबी नको.” वाकळेखालून त्यांनी कापड कापायची मोठी कात्री काढून माझ्यापुढे धरली. “हे तेवढं कापून काढा, दादा. मला हात लावायचा न्हाई.”

“आक्का, असा दुसरा कागद नाही कुठे...”

“व्हय. म्हणून तर नीट कापा.”

मी कात्री घेतली. कंदिलाच्या काचेतून कात्री तिरकी गेली. कागद जुना, करकर आवाज करत फाटल्यासारखा कापला गेला. पुण्याच्या काचेच्या पेटीचं तेव्हा एकदाही मनात आलं नाही. मी फक्त एवढंच म्हणत होतो: हाच असू दे, देवा, हाच असू दे.

डावा तुकडा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चेहऱ्याजवळ नेला. या खेपेला एकाच माणसाकडे बघायचं होतं, आणि त्या मान वर करून, डोळे भरून बघत राहिल्या.

“आगं बया,” त्या म्हणाल्या, “किती तरणे हुते ओ! माझ्या भाच्याच्या पोराएवढे. आन मी त्येंना किती भ्याले.”

मग त्या रडल्या. हसतही होत्या. त्या तुकड्यावरून बोट फिरवत त्या काहीतरी पुटपुटत होत्या, ते मला ऐकू आलं नाही आणि ते माझ्यासाठी नव्हतंही. मी बॅग उचलली. दारापर्यंत आलो तेव्हा त्यांनी हाक मारली.

“दादा, त्यो दुसरा घरात ठेवू नका. घिऊन जावा.”

जमिनीवर पडलेला उजवा तुकडा मी उचलला.

“आन दादा,” त्या म्हणाल्या, “हेच न्हवं? नक्की?”

“नक्की, आक्का.”

त्या अठ्ठ्याण्णव साली गेल्या. भाच्याने त्या तुकड्याला चौकट करून दिली होती. रोज सकाळी आक्का तिच्यापुढे बसून दिवसभरात करायची कामं सांगायच्या, असं तोडकर मला सांगत होता. मी विषय बदलला. संग्रह मी शहाऐंशीच्याच हिवाळ्यात पुण्याच्या एकाला देऊन टाकला होता, सगळाच्या सगळा, काही न घेता. उजवा तुकडा तेवढा दिला नाही. तो माझ्याकडे आहे. त्यात बारीक मिशीचा, बटण तुटलेल्या कोटातला एक विशीतला पोरगा आहे, आणि तो रत्नाक्कांचा दीर आहे की नवरा, हे मला माहीत नाही.